तुरळक ठिकाणी

पहाटे ५.१०

घाटावर पोचलो तेव्हा वरून तेराव्या पायरीला पाणी लागलं होतं. काल झोपायच्या आधी बघितलं तेव्हा चौदावीला होतं. रात्रीत एक पायरी. घाबरण्यासारखं काही नाही, पण विसरून चालेल असंही नाही. बॅटरीच्या उजेडात पाणी तांबूस दिसत होतं, मधूनच जलपर्णीचा एखादा गड्डा फिरत फिरत जात होता. आणि डोक्यावर आभाळ चांदण्यांनी भरलेलं.

या चांदण्यानंच आमचा घात होतो. शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथून फार लांब नाही. पाऊस म्हणाल तर कोरडवाहू मुलखासारखा. तिकडं गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्या घाटमाथ्याचं पाणी घेऊन पंचगंगेत उतरतात आणि ती पंचगंगा आमच्या दारावरून जाते. आमचा पूर आभाळातून पडत नाही, जमिनीवरून चालत येतो. इथं ऊन पडलेलं असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात आणि मळीतला ऊस गुडघाभर पाण्यात उभा असतो.

माझं मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं दुकान आहे. दोन महापूर बघितल्यावर आपदा मित्राचं प्रशिक्षण घेतलं. बारा दिवसांत दोर, लाईफ जॅकेट, प्रथमोपचार सगळं शिकवलं. पुराच्या आधी मात्र दोराचं काम नसतं, फोनचं असतं. म्हणून गेले तीन पावसाळे माझा दिवस असा दोन कामांत वाटलेला आहे.

५.४०

घरी येऊन चहा. फोनवर जिल्ह्याचा पूर अहवाल आलेला. राजाराम बंधारा, ३४ फूट २ इंच. कोल्हापूर जिल्ह्यात हा आकडा सोन्याच्या भावासारखा बघतात. कसबा बावड्याजवळच्या त्या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा साडेपंचावन्नच्या वर गेला होता. त्याखाली दरवर्षीची ठरलेली ओळ असते: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, यांतले अमुक इतके बंधारे पाण्याखाली. आमच्या गावची चौथीतली पोरंसुद्धा ही नावं पाढ्यासारखी म्हणून दाखवतात.

मग राधानगरी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या उंचीला गेलं की दरवाजा आपोआप उघडतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. साहेबाची सही लागत नाही, फोन लागत नाही. म्हणून कुठल्या नंबरचा दरवाजा उघडला ही बातमी आमच्याकडं दरवाजा उघडल्यावरच येते. आज एकही उघडलेला नाही.

सकाळी ६.३०

दूध संस्थेचा कट्टा. अख्खं गाव एका जागी गाठायचं तर याच्याइतकी चांगली वेळ नाही. मंदिरात सगळे येत नाहीत, ग्रामसभेला तर कुणीच येत नाही. दूध घालायला मात्र घरटी एक माणूस येतोच. फॅट लागेपर्यंत रांगेत उभा असतो, तेवढ्यात मी वही पुढं करतो.

वहीत ४१२ उंबरे आहेत. आज सकाळी त्यांतल्या ३४३ पुढे फोन नंबर होते. पहिल्या वर्षी मी फक्त नाव आणि नंबर लिहून घेतला आणि लई मोठं काम केलं असं वाटून घेतलं. आता रकाने वाढलेत. नंबर कुणाच्या खिशात असतो? दिवसा तो माणूस कुठं असतो? घरात फोन नसेल तर शेजारी कुणाकडं आहे? जनावरं किती? आणि शेवटचा रकाना, राजारामला किती फूट झालं की निघायचं?

दिवसा फोन कुठं असतो हा रकाना मला एका वहिनींनी शिकवला. त्यांच्या घरापुढं मी मोठ्या ऐटीत नंबर लिहिला होता. त्या म्हणाल्या, “भावजी, त्यो फोन ह्यांचा. ह्ये सकाळी सातला इचलकरंजीला मागावर जात्यात, राती नवाला येत्यात. पाणी दुपारी आलं तर फोन कुनाला सांगनार? मागाला?” त्या दिवशी घरी येऊन सगळी वही पुन्हा तपासली. निम्म्याहून जास्त घरांत तीच गत. फोन गडीमाणसाच्या खिशात, आणि घरात म्हातारी, सून, लेकरं, म्हसरं. टॉवरवरून येणारा इशारा तर फोन जिथं असेल तिथल्या भागाचा येतो. म्हणजे इचलकरंजीत त्याला इचलकरंजीचा इशारा, आणि गावातल्या त्याच्या घराला काहीच नाही.

आज रांगेत एक मामा. त्यांचा नंबर आहे, पण निघायचा रकाना अजून कोराच.

“मामा, चार म्हशी हायत. किती फुटाला सोडायच्या?”

“पानी गोठ्याला लागू दे की. मग बघू.”

“गोठ्याला लागल्यावर रस्ता कुठं ऱ्हातोय?”

“आरं, रस्ता कवा बंद हुतो त्ये मला सांगतोस व्हय? मी हितंच जल्मलोय.”

फॅट लागलं, मामा गेले. रकाना कोरा.

जनावराचा हिशोब कुठल्याही सरकारी संदेशात नसतो. माणूस दहा मिनिटांत पिशवी घेऊन निघतो. चार म्हशी, एक गाभण गाय, शेरडं, वैरणीची ट्रॉली, याला अर्धा दिवस लागतो आणि ट्रॅक्टर एकाच वेळी चाळीस घरांना लागतो. २०१९ ला माझ्या ओळखीचे जे मागे राहिले ते बहुतेक सगळे गोठ्यापायी. लोक त्यांना अडाणी म्हणून मोकळे झाले. ज्याचं महिन्याचं उत्पन्न खुंट्याला बांधलेलं असतं त्याला मी अडाणी म्हणणार नाही. त्याला इशारा एक दिवस आधी लागतो, एवढंच.

सकाळी ९.१५

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतली आजी, हातात बटनाचा फोन.

“बाळा, ह्याच्यात सारखं कायतरी येतंय. माझं पैसं जात्याल का?”

उघडून बघितलं. हवामानाचे सात संदेश, एकही वाचलेला नाही. आजीला अक्षर येत नाही, नातवानं सांगून ठेवलंय की अनोळखी मेसेज आला तर हात लावायचा नाही. नातवाचं चुकलं म्हणता येत नाही. मध्यंतरी फोन लावला की आधी ओटीपी कुणाला देऊ नका ही टेप लागायची. त्या भीतीनं खरा इशाराही खोट्यात जमा होतो. आजीला एवढंच सांगितलं, पावसापुराचा संदेश कधी पैसे मागत नाही आणि ओटीपी मागत नाही. जो मागेल तो चोर.

हे एसएमएस यावेत म्हणून कुठं नाव नोंदवावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ज्या भागाला धोका आहे त्या भागातल्या फोनवर ते आपोआप येतात. फोनमध्ये रिचार्ज मात्र पाहिजे. तो संपून बरेच दिवस झाले की इनकमिंगही बंद होतं. आता हे मी रिचार्जवालाच सांगतोय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार! म्हणून आजीच्या नावापुढं तिच्या शेजारच्या सुनेचा नंबर लिहिला.

मग कॉलेजचा एक पोरगा, महागाचा फोन, काच फुटलेली. काच बदलता बदलता सेटिंगमध्ये गेलो, तर वायरलेस इमर्जन्सी अलर्ट बंद.

“हे का बंद केलंस?”

“दादा, ते मागं एकदा वाजलं की बोंबलत. वर्गात. सगळे माझ्याकडं बघायला लागले.”

२० जुलै २०२३ ची गोष्ट. सकाळी साडेदहाच्या सुमाराला लोकांचे फोन एकाएकी कर्कश वाजले. दूरसंचार विभागाची चाचणी होती. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश टाकायचा, नंबर नको, इंटरनेट नको, नोंदणी नको. त्याच्या आदल्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ज्या वाडीला गाडीरस्ताही नव्हता तिथं माणसं मातीखाली होती, आणि सकाळी इकडं लोक फोन हातात धरून हॅक झाला की काय म्हणून एकमेकांना विचारत होते. माझ्याही दुकानात त्या दिवशी वीसेक जण आले असतील, हे बंद कसं करायचं विचारायला. मी त्यांतल्या काहींना बंद करून दिलं. गिऱ्हाईक सांगेल ते करायची सवय, दुसरं काय! आता ज्याचा फोन हातात येईल त्याचं ते बटन बघतो आणि चालू करून देतो, फुकट.

ज्याच्याकडं बरा फोन आहे त्याला सचेत हे ॲप टाकून देतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे, मराठीतही चालतं. यात नोंदणीला अर्थ आहे, कारण यात आपण नसलेल्या जिल्ह्याचेही इशारे मागवता येतात. टाकून देणं दोन मिनिटांचं काम. खरं काम त्यानंतरचं. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ वर ठेवायची, आणि बॅटरी वाचवायच्या यादीतून ॲपला बाहेर काढायचं. स्वस्तातले फोन स्वतःची बॅटरी वाचवायला मागं चालणारी ॲप गुपचूप झोपवतात. माणसाला वाटतं आपण नाव घातलंय, आणि ॲप आठवडाभर झोपलेलं. मागच्या वर्षी मी तपासलेल्या दर तीन फोनांत एक तरी असा निघायचा.

धनगरवाड्यातले दोघं आले, त्यांना दामिनी पाहिजे. वीज पडायच्या धोक्याचं ॲप, पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं, आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजा दाखवतं. खरं तर ते मे-जूनमध्ये टाकायला पाहिजे होतं, आता वळवाचे दिवस संपले. पण परतीचा पाऊस आहेच. मेंढरं घेऊन उघड्या माळावर फिरणाऱ्या माणसाला ते आमच्यापेक्षा जास्त लागतं.

दुपारी १२.४०

दुकानात पाच जण. एकाचा फोन वाजला, मग दुसऱ्याचा, पाच मिनिटांनी तिसऱ्याचा. दोघांचे गप्पच. संदेश असा की पुढच्या तीन तासांत कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम पाऊस.

बाकड्यावर बसलेले तात्या म्हणाले, “तुरळक म्हंजे आपून का?”

सगळे हसले. पण या चार शब्दांत सगळं आलं. जिल्हा कुठं गगनबावड्यापासून कुठं आमच्यापर्यंत पसरलेला. संदेश जिल्ह्याला येतो, माणूस गल्लीत राहतो.

तात्यांना सांगितलं. हवामान खात्यात हे शब्द वजन करून वापरतात. त्या भागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी जागी पडेल तेव्हा ‘तुरळक ठिकाणी’. निम्म्यापर्यंत गेला की ‘काही ठिकाणी’. पाऊण हिश्शापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. आणि ‘मुसळधार’ हा शब्दही असाच मोजलेला. २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटर झाला की तसं म्हणायला सुरुवात, आणि २०४ च्या वर गेला की अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला.

“मंजी त्यो तुरळक म्हनतोय त्ये उगंच न्हाई म्हनत.”

“न्हाई तात्या. पण आपल्याला ते बघायचंच न्हाई. आपल्या डोक्यावर पडला काय आन् न्हाई पडला काय. खालची ओळ बघा.”

खालच्या ओळीत ‘कोल्हापूर घाट’ वेगळा लिहिलेला होता, तिथं नारंगी. अलीकडं हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, आणि माझ्या मते आमच्या तालुक्यासाठी गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. शिरोळचा माणूस शिरोळचा पाऊस बघून फसतो. त्यानं राधानगरी आणि गगनबावडा बघायला पाहिजे. फोनमध्ये स्वतःच्या गावाचं हवामान लावून ठेवणारी पोरं दुकानात आली की मी गगनबावडा लावून देतो. त्यांना ती गंमत वाटते.

दुपारी २.००

जेवलो. दुकानातच अर्धा तास आडवा झालो. घाटावरून पुतण्याचा फोन, तेरावी अजून बुडालेली नाही.

दुपारी ३.३०

ग्रामपंचायतीत बसलो. तलाठीभाऊ, ग्रामसेवक, पोलीस पाटील, दोन सदस्य, मी. काम एकच, खांबांवरचे रंग.

केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया हे ॲप २०२३ मध्ये आलं. कृष्णेवर कुरुंदवाडला आयोगाचं पाणी मोजायचं केंद्र आहे, तिथली पातळी त्यात घरबसल्या दिसते. पण दिसते ती मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून. पाचशे-काही मीटर आणि दशांश. जिल्ह्याचा आकडा फूट-इंचात, राजारामच्या मोजपट्टीवरचा. आणि गावातली माणसं बोलतात पायरी, पार, शाळेचा कट्टा, अण्णांची चावडी यांत. तीन भाषा, आणि म्हातारीला एकच कळते.

म्हणून आम्ही वही खांबांवर आणली. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं ते विजेच्या खांबांवर निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांनी रंगवून ठेवलंय. आता त्या प्रत्येक खांबाशेजारी, राजारामला किती झालं तेव्हा इथं पाणी लागलं, हे लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. तलाठीभाऊंनी जुने अहवाल काढले, मी माझ्या फोनमधले तेव्हाचे फोटो, त्यांच्यावरची वेळ. जुळवायला बसलो तर एकाच खांबाला दोन वर्षांत दोन वेगळे आकडे.

कारण फूग. पंचगंगा येते आणि पुढं कृष्णा भरलेली असली की हिचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. कोयनेतून सोडलंय का, वारणा किती आहे, खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून किती जातंय, या सगळ्यावर आमची गल्ली ठरते. आलमट्टीचा वाद मी इथं काढत नाही. तो सुरू झाला की बैठक संपते, आणि आजही पाऊण तास त्यातच गेला. शेवटी पोलीस पाटील म्हणाले, दोन्ही आकड्यांतला कमी तो लिवा. तेच बरोबर होतं. उगाच एक दिवस लवकर बाहेर पडलेला माणूस शिव्या देतो, पण देतो तो कोरड्या जागेवर उभा राहून.

उशिरा निघणं म्हणजे काय ते या पंचक्रोशीला वेगळं सांगावं लागत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली. रस्ता असेतोवर माणूस पायानं जातो, रस्ता गेला की नावेनं. आमच्या शेवटच्या रकान्याचा अर्थ तेवढाच आहे.

माझ्या स्वतःच्या घरापुढं त्या रकान्यात जो आकडा आहे, त्याची गोष्ट सांगतो. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, वडिलांनी खडूनं काढून वर ऑईलपेंट मारलेला. २०१९ ला इशारे आले नाहीत असं मी म्हणू शकत नाही. आले. मी सगळे वाचले. आणि २००५ च्या खुणेवर एक फूट धरून फळ्या ठोकल्या, सगळा माल त्यावर चढवला आणि बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला गेलो. मोठा शहाणा. परत आलो तेव्हा पाण्याची रेघ छताच्या चार बोटं खाली होती. माझा माल गेला त्याचं सोडा, लोकांनी दुरुस्तीला दिलेले ४३ फोन चिखलात होते. त्यांत कुणाचे मेलेल्या आईचे फोटो होते, कुणाचा आवाज होता. इशारा माझ्या खिशात होता आणि मी भिंतीवरच्या जुन्या रेघेवर विश्वास ठेवला. आता माझ्यापुढं ४५ फूट लिहिलंय. शेजारी हसतात.

संध्याकाळी ५.२०

पिंपरीहून चुलतभाऊ, फोनवर. तिथं कंपनीत आहे, आई इथं एकटी. मे महिन्यात त्याच्या फोनवर कोल्हापूर जिल्हा जोडून दिला, तेव्हापासून त्याला आमच्या आधी इशारा कळतो.

“दादा, ऑरेंज आलाय. आईला हलवू का?”

“घाटाला आलाय. राजाराम ३४ वर हाय. तिचं घर ४८ ला.”

“मग मी येऊ का?”

“४० झालं की मीच फोन करतो.”

“४० कधी होईल?”

हा आजचा तिसरा फोन. वैताग येतो, खोटं कशाला बोलू. पण २०२१ च्या जुलैत राजारामला पाणी २०१९ च्याही वर गेलं, तेव्हा गावातली पहिली बारा घरं रिकामी झाली ती पुण्या-मुंबईच्या पोरांनी फोन करकरून. जवळच्याला पाण्याची सवय होते, लांबच्याला होत नाही. बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, स्वतःच्या शहराबरोबर गावाचा जिल्हाही जोडून ठेव. गावाकडच्या एका माणसाचा नंबरही ठेव, जो घाटावर जाऊन बघून येईल.

संध्याकाळी ६.४५

महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी भोंग्याची चाचणी. ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा सायरन, बॅटरीवर चालणारा. बटन दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. मग वर जाऊन बघितलं तर उंदरानं वायर खाल्लेली. गेल्या महिन्यात बॅटरी उतरलेली होती, त्याच्या आधी वायरमन नव्हता.

मग गुरव देवळात गेला आणि भजनाच्या माईकवरून सांगितलं की ही चाचणी आहे, कुणी घाबरू नये. तो आवाज वरच्या आळीपर्यंत गेला. ग्रामसुरक्षा यंत्रणेचा फोनही करून बघितला. त्यात गावातले नंबर आधी नोंदवून ठेवायचे असतात, मग एकानं टोल-फ्री क्रमांकाला फोन करून बोललं की त्याचाच आवाज सगळ्यांच्या फोनवर जातो. पोलीस पाटलांच्या आवाजात फोन आला की लोक उचलतात, हे मी पाहिलंय. अनोळखी बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात आला की कट करतात.

हे सगळं पाणी यायच्या आधीपर्यंतच. महापुरात धोका नको म्हणून वीज तोडतात, दुसऱ्या दिवशी फोन मरतात, टॉवरचं डिझेल संपतं. मग राहतं काय? शिट्टी, बॅटरीचा उजेड आणि सेलवरचा रेडिओ, त्यावर आकाशवाणी सांगली. वहीच्या पहिल्या पानावर मी १०७७ आणि ११२ मोठ्या आकड्यांत लिहिलंय, पण फोन चालू असेतोवरच त्याचा उपयोग.

रात्री ८.१०

सकाळच्या मामांच्या घरी गेलो. ते अंगणात तंबाखू मळत बसलेले. मामींनी चहा टाकला.

एक इशारा आमच्याकडं असा आहे की ज्यासाठी कुणाचं नाव घालावं लागत नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरलं, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडायला लागलं, की दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात अंघोळ करायला लोक रात्री-अपरात्री येतात. ती बातमी गावोगाव कशी पोचते कुणास ठाऊक, पण तासाभरात वाडीला गाड्या लागतात. आणि पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात.

“मामा, मूर्ती कवा हलवत्यात?”

“पानी चढाय लागलं की.”

“गाभाऱ्यात पानी भरून नाकातोंडात जायच्या आधी का नंतर?”

मामा तंबाखू थांबवून बघायला लागले.

“आधीच की.”

“मग देव आधी हलत्यात, आन् तुमच्या म्हशी नंतर व्हय?”

मामी आतून हसल्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ट्रॅक्टर तू बघनार का?”

“मी बघतो.”

“बेचाळीस लिव.”

मामींचा नंबर वेगळा घेतला. त्यांच्याकडं लेकीनं दिलेला फोन आहे, हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. अलर्टचं बटन बंद होतं, चालू केलं.

रात्री १०.१५

घाटावर शेवटची चक्कर. बारावी पायरी ओली झालेली. आभाळात चांदणं तसंच. फोनवर रात्रीचा अहवाल: राजाराम ३५ फूट १ इंच, राधानगरीचा ६ नंबरचा दरवाजा रात्री साडेनऊला उघडला. दुकानाच्या फळ्यावर खडूनं दोन्ही लिहिलं.

वहीत आज आठ नंबर वाढले, एकूण ३५१. झोपायच्या आधी जुन्यांतले पंधरा लावून बघितले. चार बंद लागले. उद्या दूध संस्थेच्या कट्ट्यावर त्या चौघांना गाठायचं आहे.